रेड ऑक्साइडचा अर्धा डबा

मी फौजेत सतरा वर्षं होतो. त्यातली बहुतेक वर्षं माझ्या हातात रायफलीपेक्षा स्प्रे गन जास्त वेळ होती. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सॅपर्सच्या कंपनीत सुतार असतो, लोहार असतो, गवंडी असतो, तसा पेंटरही असतो. नदीवर पूल बांधायचा, राफ्ट बांधायचा, तर लोखंड लागतं, आणि लोखंड उघड्यावर राहतं. ते टिकवणं माझं काम होतं.

माझं गाव कोरीट. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आमचा सगळा भाग धुळ्याकडे मोडायचा. पन्नासचं दशक सरत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. नेमकी तारीख लिहीत नाही. कागद माझ्याजवळ नाहीत, आणि आठवणीवर तारखा ठोकून देणाऱ्यांची मला चीड आहे. वेळा मात्र पक्क्या सांगेन, त्या विसरलेलो नाही.

कंपनीत आमच्या बाजूचा दुसरा एकच माणूस होता. सॅपर रायसिंग वळवी. तळोद्याहून वर डोंगरात त्याचा पाडा. घरी ते लोक भिली बोलायचे, पण तळोद्याच्या बाजाराला येऊन येऊन तो अहिराणी झकास बोलायचा. कंपनीत सगळा कारभार हिंदीत. दिवसभर तोंड वाकडं करून हिंदी बोलायची आणि संध्याकाळी लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, मागे बसून आम्ही दोघं अहिराणीत जिभेचा गंज काढायचो. नदीतलं काम असलं की रायसिंग सगळ्यात पुढे. राफ्टच्या टोकावर उभं राहून आकडीच्या बांबूनं ओंडके, फांद्या बाजूला ढकलायचं काम त्याचं. ते दुसऱ्या कुणाला जमायचं नाही.

मला तो छळायचा. मी गन घेऊन बसलो की येऊन उभा राहायचा.

"भो, तू फौजमा लढाले उना का घर सारवाले?"

"सारवाले," मी म्हणायचो. "तू सरक तठून, रंग उडी."

आता रंगाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. राफ्ट म्हणजे दोन लोखंडी पाँटून, म्हणजे पोकळ नावा, आणि त्यांच्यावर फळ्यांची तक्तपोशी. कडेनं चालायला पत्रे असतात, आम्ही त्यांना पायपत्रे म्हणायचो. आमच्या राफ्टला चौदा होते, एका कडेला विषम नंबर, दुसऱ्या कडेला सम. साध्या रंगाचा पत्रा ओला झाला की त्यावर बूट घसरतो. म्हणून त्यावर खरखरीत रंग मारायचा. आधी गननं जाड हात मारायचा, तो ओला असतानाच वर वाळू पेरायची, बारीक चाळलेली, धुऊन वाळवलेली. ती धरली की वरून दुसरा हात. वाळला की पत्रा खवल्यासारखा लागतो, बूट पकडून धरतो.

हा रंग चांगला की वाईट, असं मला अजूनही विचारतात. मोटारपंपाच्या पेटीला मारू का, बैलगाडीच्या पायरीला मारू का. मी सांगतो, रंगाला दोष देऊ नका, खाली काय आहे ते बघा. पत्रा घासून पांढरा केला, त्यावर रेड ऑक्साइडचा प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा खालचा हात, दिला, तो दोन दिवस उन्हात वाळला, आणि मग खरखरीत रंग बसला, तर तो ऊन-पावसाला दाद देत नाही. पण गंजावरच मारला तर वर्षसुद्धा निघत नाही. आणि त्याची खोड अशी की तो सांगत नाही. साधा रंग फुगला तर फोड दिसतो, गुळगुळीत असतो ना. खरखरीत रंगात दाण्यांच्या गर्दीत फोड लपतो. खळग्यांत पाणी साचतं, धारेपाशी, बोल्टाभोवती आत शिरतं, आणि खाली गंज आपला चालू. वरून बघणारा म्हणतो, वा, काय काम केलंय.

त्या वर्षी उन्हाळ्यात रायसिंग सुट्टीवर जाणार होता. माझ्याकडे त्याची काळी पत्र्याची पेटी घेऊन आला.

"भो, हाई पेटी रंगाडी दे. तो खरबडीत रंग लाव. डोंगर चढतांना खांदावरथीन सटकस."

कंपनीत ही रीतच होती. सुट्टीवर जाणाऱ्याची पेटी पेंटरनं रंगवून द्यायची, वर पांढऱ्या अक्षरांत नंबर आणि नाव. साहेबांनाही ठाऊक होतं, कुणी काही म्हणायचं नाही. रायसिंगची पेटी मी जीव लावून केली. घासली, प्रायमरचे दोन हात दिले, चांगली वाळू दिली, दोन दिवस उन्हात ठेवली. तो माझा माणूस होता, त्याच्या घरी पेटी जाणार होती, माझं काम लोक बघणार होते. हौस होती, दुसरं काय. त्यात रेड ऑक्साइडचा अर्धा डबा गेला. स्टोअरमध्ये तो एकच डबा होता. नवा माल महिनाभरात येईल असं कळलं होतं.

माल आला नाही. इन्स्पेक्शन आलं.

रायसिंग सुट्टीहून परतला, त्या आठवड्यात हुकूम झाला की वरून साहेब येणार, चार दिवसांत सगळं सामान चकाचक पाहिजे. राफ्टचे पायपत्रे मागच्या पावसाळ्यापासून गंजलेले होते. मी हवालदार कदमांकडे गेलो. कदम साताऱ्याकडचे, तोंडानं फटकळ, कामाला पक्के.

"हवालदारसाहेब, प्रायमर फार तर सात पत्र्यांना पुरेल. बाकीच्या सातांना नाही."

"मग?"

"मग बाकीचे तसेच ठेवू. माल आला की करू."

"अर्धा राफ्ट हिरवा आणि अर्धा गंजका दाखवू साहेबाला? डोकं ठिकाणावर आहे का पेंटर? सगळ्यांना मार रंग. इन्स्पेक्शन झालं की खरवडून पुन्हा कर."

मी मारला. सात पत्र्यांना प्रायमर देऊन, सातांना गंजावरच. घासायलासुद्धा धड वेळ नव्हता, तारेचा ब्रश फिरवला न फिरवला. इन्स्पेक्शनच्या साहेबांनी पत्र्यावर बूट घासून बघितला आणि म्हणाले, "गुड ग्रिप." कदम माझ्याकडे बघून पुटपुटले, "वरून कीर्तन, आतून तमाशा." आम्ही दोघं हसलो. ते हसणं मला आजही नको वाटतं.

संध्याकाळी रायसिंग राफ्टवर चढला आणि उकिडवा बसून पत्रे बोटाच्या पेरानं वाजवत पुढे सरकला. त्यांच्याकडे ही सवय. डोंगरातली माणसं नदी ओलांडताना कमरेला वाळलेला तुंबा बांधतात, त्यावर माणूस तरंगतो. तुंबा घेताना आधी वाजवून घ्यायचा. टणक वाजला तर घ्यायचा, बद वाजला तर बाजूला. जीव त्यावर टांगायचा असतो, म्हणून लहानपणापासून कान तयार. आठव्या पत्र्यापासून तो थांबत थांबत गेला.

"दख भो, बद वाजस. आतमा पोकळ शे."

"रंग वला शे अजून," मी म्हटलं. "म्हनीसन तसं वाजस."

"वला नही. तडा गया की तुंबा बी असाच वाजस."

मला खरं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "हाई लोखंड शे, दुधी भोपळा नही. तुले काय समजस?" तो हसला आणि उतरला. पुढच्या आठवड्यात खरवडू असं मी मनाशी ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यात फायरिंग रेंजवर कॅम्प लागला, त्याच्यानंतर पाऊस सुरू झाला. राफ्ट ताडपत्रीखाली नाही, उघड्यावर होता. दोन महिने तो तसाच भिजला. मी दोनदा प्रायमरची मागणी लिहून दिली. दोन्ही वेळा उत्तर एकच, माल आल्यावर मिळेल.

पावसाळ्याच्या शेवटी तापीला पूर आला आणि आमच्या कंपनीला हुकूम झाला. ट्रकवर राफ्ट चढवला. कुठे जायचं ते कळल्यावर रायसिंग आणि मी एकमेकांकडे बघितलं. आमच्याच मुलखात. मला आनंद झाला होता, हेही कबूल करतो. गावचे लोक आपल्याला वर्दीत बघतील, असं मनात आलं होतं.

काठावर पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. रात्र शाळेत काढली. सकाळी ०५४० ला काठावर फॉल-इन. नदी मी जन्मापासून बघितलेली, पण ती नदी मला ओळखू आली नाही. गढूळ पाणी, गंजलेल्या पत्र्याच्या रंगाचं, आणि त्यावर आख्खी झाडं मुळासकट चाललेली. समोर एका उंचवट्यावर वस्ती अडकली होती, चारी बाजूंनी पाणी. माणसं छपरांवर दिसत होती. पाणी दर तासाला वर येत होतं. दुपारपर्यंत तो उंचवटा राहणार नाही, असं काठावरचे म्हातारे म्हणत होते.

गर्दीतून एक बाई ओरडली, "अरे, हाऊ तं कोरीटना रंगारी. आते नदीले रंग देवाले उना का रे?" लोक हसले. अशा वेळीही लोक हसतात.

राफ्ट बांधून होईपर्यंत ०६५० झाले. मी पत्र्यांवर गुडघे टेकून बोटानं वाजवत गेलो, रायसिंगसारखं. एक ते सात टणक. आठपासून बद. दोन महिन्यांपूर्वी होते त्याहून बद. धारेपाशी खरवडणी घातली तर रंग केळीच्या सोपटासारखा सुटून आला. खाली तांबडा भुगा, ओला.

मी धावत कदमांकडे गेलो.

"हवालदारसाहेब, आठ ते चौदा धरणार नाहीत. खरवडून वर बारदान बांधायला पाहिजे."

"किती वेळ?"

"दीड तास."

त्यांनी नदीकडे हात केला. "ही थांबणार आहे का तुझ्या रंगासाठी?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "वीस मिनिटं. होतं तेवढं कर."

वीस मिनिटांत मी तीन पत्रे केले. आठ, नऊ, दहा. खरवडून वर गोणपाट ताणला, सुतळीनं बांधला. माझी नखं उलटली होती. रायसिंग दुसऱ्या टोकाकडून खरवडत होता, चौदा नंबरचा त्यानं केला. अकरा, बारा, तेरा राहिले. ०७१५ ला कॅप्टनसाहेबांची शिट्टी झाली.

"साहब, तीन प्लेट बाकी हैं," मी म्हटलं.

"बाकी रहने दो. लोड."

ते चुकले असं मी म्हणत नाही. समोर माणसं होती. त्यांच्या जागी मी असतो तरी शिट्टी वाजवली असती.

"अकरा, बारा, तेरावर पाय देऊ नको," मी रायसिंगला सांगितलं.

"बरं," तो म्हणाला. "दिवायीना फराय व्हयना म्हणजे घरनी पेटी उघाडसू, तव्हय तुन्हा रंगले नाव ठेवसू." आणि आकडीचा बांबू घेऊन टोकावर गेला.

नदीवर पोलादी दोर टाकलेला होता. राफ्ट त्याला अडकवलेला, आणि आमच्या काठावरून तीस जणांनी जाड रस्सी धरून त्याला सोडायचं आणि ओढायचं. मी त्या तीस जणांत सातवा. पलीकडे आमचा एक जण वायरलेस सेट घेऊन उतरला होता, आमच्या बाजूला कदमांजवळ दुसरा सेट.

पहिली फेरी ०७४०. म्हातारी माणसं आणि पोरं आली. दुसरी ०८२५. दोन्ही वेळा रायसिंगनं टोकावरून मला हात केला.

तिसऱ्या फेरीत सेट बोलला. "हॅलो वन. एक औरत है, साथ में पाँच दिन का बच्चा. लाइफ जॅकेट कम पड रहे हैं. ओव्हर."

"हॅलो टू. जॅकेट किसी का उतार के दे दो. लोड करके भेजो. ओव्हर."

"रॉजर. आउट."

रायसिंगनं आपलं जॅकेट उतरवून त्या बाईला बांधलं. मी बघत होतो. चारशे फुटांवरून माणूस ओळखू येतो, त्याचं उभं राहणं ओळखू येतं.

राफ्ट अर्ध्यावर आला तेव्हा वरून एक बाभूळ आली. मोठी, फांद्यांसकट, सरळ बाळंतीण बसली होती त्या बाजूला. टोकावरून बांबू पोहोचत नव्हता. रायसिंग कडेनं मागे धावला. त्या कडेला दहा नंबरचा पत्रा माझ्या गोणपाटाचा होता, त्यावर त्याचा डावा पाय होता. उजवा बारावर पडला. त्यानं बांबू झाडाला लावला आणि सगळं अंग टाकून रेटा दिला. झाड वळलं. तेवढ्यात बारावरचा रंग बुटाखालून सुटला आणि तो पाय पुढे गेला. बस, एवढंच.  रायसिंग पाँटून आणि झाड यांच्या मध्ये गेला.

मी रस्सी सोडायला निघालो होतो. कदम माझ्या कानाशी ओरडले, "पेंटर, रस्सी! रस्सी पकड!"

तीस जणांतला एक सुटला तर एकोणतीस धरतील, असं वाटतं. तसं होत नाही. एकाचा हात ढिला झाला की त्याच्या मागच्याचा होतो. राफ्टवर अठरा माणसं होती, पाच दिवसांचं मूल होतं. मी रस्सी धरली. तीच रस्सी ओढत होतो आणि पाण्याकडे बघत होतो. खाली वाहत जाणाऱ्या झाडाजवळ एकदा त्याचा हात वर आला. नक्की त्याचाच, हिरव्या वर्दीची बाही. मी बघत होतो आणि ओढत होतो. राफ्ट काठाला लागायला नऊ मिनिटं लागली. त्या नऊ मिनिटांत मी काही केलं नाही, करण्यासारखं काहीही नव्हतं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही, पण पटत नाही ते नाहीच.

आणखी दोन फेऱ्या झाल्या. वस्तीतला एकही माणूस मागे राहिला नाही. १०५० ला शेवटची फेरी काठाला लागली, आणि दुपारी तो उंचवटा पाण्याखाली गेला.

रायसिंग तिसऱ्या दिवशी सापडला, नदी वळते तिथे. कदमांनी आणि मी त्याला उचललं. उजव्या बुटाच्या तळव्याला, नालेच्या फटीत, हिरव्या रंगाचं तळहाताएवढं सालपट अडकलं होतं. तीन दिवस पाण्यात राहूनही. वरून दाणेदार, सुंदर. उलटं करून बघितलं तर पाठीवर गंज. कदमांनी ते माझ्या हातातून घेतलं, बघितलं, आणि खाली बसले. जन्मात मी त्या माणसाला बसलेलं पाहिलं नव्हतं.

चौकशी झाली. मला एकच प्रश्न विचारला.

"पायपत्र्यांना रंग केव्हा दिला होता?"

"इन्स्पेक्शनच्या आधी, साहेब. पण खाली..."

"म्हणजे याच वर्षी."

"होय साहेब. पण प्रायमर..."

"जेवढं विचारलं तेवढंच सांगा."

कागदावर लिहिलं गेलं, रंग नवा होता, सामान चांगल्या हालतीत होतं, जवान पुराच्या पाण्यामुळे घसरला. रंग नवा होता, हे खरंच होतं. मला त्यात खोडायला काही सापडलं नाही. अर्ध्या डब्याबद्दल कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी म्हणतो. तेव्हा सांगितलं असतं का, देव जाणे.

पुढे चार वर्षांनी मी सुट्टीवर आलो तेव्हा एकदाचा धीर करून तळोद्याला गेलो. तिथून जीप वर जाते तिथपर्यंत जीपनं, पुढे पायी. रायसिंगचे वडील अंगणात मक्याची कणसं सोलत बसले होते. वर्दी बघून उठले, मग ओळख सांगितली तशी पाणी आणायला सांगितलं. अंगणाच्या कडेला, छपराच्या बाहेर, उघड्यावर पेटी होती. रायसिंग सुट्टीला आला तेव्हा ती घरीच ठेवून गेला होता. म्हाताऱ्यानं तिच्यात बियाणं भरलेलं होतं, उंदराला पत्रा फुटत नाही म्हणून.

मी तिथे बसलो आणि सगळं सांगून टाकलं. प्रायमर म्हणजे काय, इन्स्पेक्शन म्हणजे काय, कुठला पत्रा, कुठला पाय. जो डबा राफ्टला पुरला असता तो ह्या पेटीत गेला, हेही सांगितलं. बोलताना मी रडलो. म्हातारबा बाजारापुरतं अहिराणी बोलायचे. त्यांना किती कळलं ते मला ठाऊक नाही. ते ऐकत होते आणि कणसं सोलत होते. माझं संपल्यावर ते उठले, पेटीजवळ गेले आणि वाकून बोटाच्या पेरानं ती वाजवली. एका कोपऱ्यावर, दुसऱ्या कोपऱ्यावर, मधे.

"हाऊ रंग तू दिन्हा का?"

"हा, बाबा."

"पक्का शे. चार पावसाया ग्यात, काही व्हयनं नही." मग पेटीवर हात ठेवून म्हणाले, "मन्हा आंडोर रायसिंग सांगे, मन्हा दोस्त चांगला रंगारी शे."

 मी म्हटलं, "बाबा, पुढच्या येळले येसू तव्हय आखो एक हात मारी देसू."

"कसाले?" ते म्हणाले. "हाऊ मन्हापेक्षा जास्ती टिकी."

टिकला. म्हातारबा गेले, छप्पर नवं झालं, पेटी तिथेच आहे. मी दरवर्षी दिवाळीनंतर जातो. वाळूचे दाणे झिजले आहेत, हिरवा रंग उन्हानं राखाडी झाला आहे, पण कुठे फुगलेला नाही. वाजवली तर खणखणते. वरची पांढरी अक्षरंही वाचता येतात. सॅपर रायसिंग वळवी.